देठासकट पीस

मूग निघून गेला की शेतं अर्धी उघडी पडतात. बाजरीची कणसं अजून भरायची असतात. मधल्या या उकाड्याच्या दिवसांत आमच्या डोंगरावरचे मोर बोडके व्हायला लागतात. आषाढात ज्यानं फुलारलेला मोर पाहिलाय, त्याला हा तोच आहे हे सांगूनही पटणार नाही. मागं पिसारा म्हणून चार-दोन पिसं लोंबत असतात, तीही कुणी उसनी दिल्यासारखी. चालताना तो उगाचच झुडपांच्या कडेकडेनं जातो. लहानपणी मला वाटायचं, लाजतोय. आता वाटतं, हलकं वाटत असावं त्याला. इतके महिने वागवलेलं ओझं आपोआप गळून पडण्यात काय सुख असेल, याचा विचार मी अलीकडं जरा जास्तच करतो.

शिरूर कासारच्या या अंगाला डोंगर म्हणजे काही उंच कडे नव्हेत. बालाघाटाची उतरती पाठ, तिच्यावर बोरी, तरवड, हिवर, आणि पायथ्याला एक पाझर तलाव. पावसाचा भरवसा नाही म्हणून दसरा झाला की निम्मं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला जातं. त्याआधीचे हे दिवस पिसांचे. शेळ्यांमागं फिरणाऱ्यांना, सरपणाला गेलेल्या बायकांना, बांधावर गवत कापणाऱ्याला, कुणालाही वाटेत पीस सापडतं. दवानं ते गवताला चिकटलेलं असतं. उचललं की आधी झटकायचं, मग उन्हाकडं धरून जरा तिरपं करायचं. डोळ्यातला निळा रंग हलतो. हे कुणी कुणाला शिकवत नाही. आमच्याकडं सगळेच तसं करतात. पंचायतीच्या वादात एकमेकांचं तोंड न बघणारी माणसंही पीस सापडलं की सारखीच मान वाकडी करून बघतात.

ही पिसं आमच्या किराणा दुकानात यायची. गल्ल्यावर वडील बसायचे. पिसांच्या बदल्यात चहापत्ती, गूळ, काडेपेटी असं काहीबाही जायचं. डोंगरावर शेळ्या राखणारी गयामावशी लुगड्याच्या धडप्यात जुडी बांधून आणायची आणि वडिलांपुढं ठेवून म्हणायची, "घ्या, मोराचं केस."

वडिलांना चांगलं लख्ख टक्कल होतं. "ह्यातलं दोन माज्या डोक्याला लाव की," ते म्हणायचे.

"नगं बाबा. लांडोरी मागं लागत्याल."

दर वर्षी हाच विनोद, आणि दर वर्षी दोघंही तितकंच हसायचे. पुढं ती पिसं देवळातल्या कुंच्याला जायची, दर्ग्यातल्या मोरचेलाला जायची, कुणी बैलाच्या बाशिंगासाठी जपून ठेवायचं. गळालेलं पीस देण्याघेण्याला कायद्याची हरकत तेव्हाही नव्हती, आजही नाही. मोर मारला तर मात्र तुरुंग, आणि पिसं देशाबाहेर पाठवायला बंदी. वडिलांना यातलं किती ठाऊक होतं कोण जाणे, पण त्यांची स्वतःची एक रीत होती. ते प्रत्येक पिसाचं देठ बघायचे. पिसाच्या बुडाच्या नळीला आम्ही देठच म्हणतो. मोरानं आपणहून सोडलेल्या पिसाचं देठ पांढरं, कोरडं, टोकाला मिटलेलं असतं, नखासारखं. उपटलेल्या पिसाचं टोक मऊ आणि काळपट असतं, आत ओल धरलेलं. वडील देठ खालच्या ओठाला टेकवायचे. "हे सोडलेलं हाय," म्हणायचे, आणि जुडीत ठेवायचे. एकदा कुणीतरी काळ्या टोकांची पिसं आणली. वडिलांनी ती त्याच्याच उपरण्यात बांधून परत दिली, आणि तो गेल्यावर तांब्याभर पाणी घेऊन कितीतरी वेळ ओठ धूत बसले.

ज्या मोसमाबद्दल मला लिहायचंय, त्यात वडील नव्हते. दुकान माझ्याकडं आलं होतं. माझा मेव्हणा बंडू तेव्हा कडा गावात राहायचा, आजही तिथंच राहतो. हंगामात ऊस वाहायचा त्याचा टेम्पो पावसाळ्यात दारात उभा असे. तो एका व्यापाऱ्याला घेऊन आला. गोड बोलणारा, अत्तर लावलेला माणूस. त्याला पिसं हवी होती, पोत्यांनी, आणि आषाढातच.

आषाढात मोर पीस सोडत नाही. आमच्याकडं शेंबडं पोरही हे सांगेल. पिसारा तेव्हा ऐन भरात असतो, लांडोरीपुढं तो थरथरवायचे दिवस असतात. तरी आषाढात बंडूच्या टेम्पोतून माझ्या दुकानात पिसं उतरली. बाहेरगावची दोन माणसं त्याला ती आणून देत. बंडू चहाला गेला तेव्हा मी एक पीस उलटं करून पाहिलं. काळं, ओलं. "पावसानं भिजली असतील," मी मोठ्यानं म्हणालो. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. कुणी नसताना मी ते कुणाला सांगत होतो, हे मला फार उशिरा कळलं. ओठाला मात्र मी ते टेकवलं नाही.

मग मी अडकित्ता घेतला. वडिलांचाच, सुपारीचा. पिसाचं देठ त्यात धरलं की कट् असा बारीक आवाज येतो आणि खालचा काळा तुकडा टपकन पडतो. राहिलेल्या पिसाकडं बघून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही की ते कुठून आलं. बंडू परत येऊन बघत उभा राहिला. "दाजी, डोकं लई चालतं बरं का तुमचं," तो म्हणाला. मला ते आवडलं. हेही आज लिहून टाकतो, की मला ते आवडलं होतं.

पुढं भाद्रपदात खरी पिसं यायला लागली, पांढऱ्या देठांची. एका पोत्यात दोन्ही घातली की छाटलेली लगेच उठून दिसायची. म्हणून मी खरीही छाटली. सगळी. मोर मारणाऱ्याला मी मदत केली हे तर आहेच, पण आठवलं की तळपायापासून जळतं ते हे, की खोटं लपवण्यासाठी मी खऱ्याचीही खूण काढून टाकली. त्यानंतर आमच्या भागातल्या कुठल्याच पिसाला, मी खरं आहे, असं सांगता येईना. बंडूनं ती रीत पुढं बाजारात नेली. छाटलेलं पीस म्हणजे एकसारखं, देखणं, असं लोक मानायला लागले.

गयामावशी जुडी घेऊन आली तेव्हा मी छाटतच होतो.

"कावून कापतूस रं सुदामा?"

"शहरात असंच लागतं मावशी. एका मापाचं."

"मोराची नखंच काढलीस की," ती म्हणाली आणि हसली. तिला त्यात काहीच वावगं दिसलं नाही, कारण मी तिच्या ओळखीतला माणूस होतो. तिनं तिची जुडी माझ्यापुढं सरकवली.

त्याच मोसमात ती पुन्हा एकदा आली, भर दुपारी. पदरात काहीतरी धरलं होतं. तिनं ते गल्ल्यावर ठेवलं. लांडोर होती. मान एका बाजूला पडलेली, चोचीला फेस वाळलेला. मोरांसाठी टाकलेले विषाचे दाणे लांडोरही खाते. तिला पिसारा नसतो, म्हणून तिला उचलायलाही कुणी थांबत नाही.

"तळ्याच्या वरल्या अंगाला पडलती. तुजी साहेबलोकात वळख हाय. फोन लाव कुनाला तरी," ती म्हणाली.

"कुत्र्यानं मारली असंल, मावशी," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं. अंगावर दाताची एकही खूण नव्हती, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. "बरं," ती म्हणाली. मी ती लांडोर दुकानामागं पुरली. फोन लावला नाही. गयामावशी त्यानंतर पिसं घेऊन कधी आली नाही. सामानाला यायची. नीट बोलायची. चहापत्ती, मीठ, खोबरेल. पण वडिलांच्या टकलाचा विनोद तिनं पुन्हा काढला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात डोंगर गप्प झाला. माझी बायको कौसल्या अंगणात भांडी घासताना म्हणाली, "औंदा मोर वरडंनात." मी म्हणालो, पाऊस कमी झाला. पिसं मिळेनाशी झाली तसा व्यापारी यायचा थांबला, आणि मी तो धंदा सोडला. सोडला म्हणणंही खरं नाही. धंद्यानंच मला सोडलं. मी पुष्कळ वर्षं लोकांना असं भासू दिलं की पिसांचा व्यवहार मी तत्त्वानं बंद केलाय.

मोर परत आले, ते माझ्यामुळं नव्हे. गावातल्या तरुणांनी डोंगरावर पाणवठे केले, उन्हाळाभर डोक्यावरून पाणी नेलं. वनखात्याची माणसं येत राहिली. मीही सिमेंट दिलं, नाव सांगू नका म्हणालो, आणि लोक मला विनयशील म्हणाले. एका वर्षी एक मोर ओरडला. मग दोन बाजूंनी ओरडले. मागच्या उन्हाळ्यात तर इतके, की कौसल्या वैतागून म्हणाली, "आता झोपू द्या की मेल्यांनो!" आणि मग आम्ही दोघंही हसलो. मी पाठ फिरवून हसलो, कारण डोळे भरून आले होते.

यंदा पोळ्याच्या आधी बाजरीत एक मोर मेलेला सापडला. पिसारा उपटून नेलेला, चोचीला वाळलेला फेस.

आमच्याकडं वनरक्षक म्हणून एक तरुण मुलगी आहे, लातूरकडची. गाव तिला गार्डमॅडम म्हणतं. ती दुकानात आली, बाकावर बसली. शिरूरच्या रस्त्यावर पोत्यांतून पिसं पकडली होती म्हणाली. "उपटलेलं पीस मी देठावरून ओळखते, काका. पण सगळी छाटलेली. आणणारा म्हणतो, गळालेलीच आहेत, छाटायची पद्धत आहे. आणि खरंच आहे, सगळीकडंच छाटून विकतात. ही पद्धत काढली कुणी, तेच कळत नाही."

मी तिला चहा दिला. साखर जास्त झाली का विचारलं. ती गेली.

ती पोती तिथवर कुणाच्या टेम्पोनं आली असतील हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. कौसल्यालाही नव्हती. ताटावर बसलो, तर मी नुसती आमटी ढवळत राहिलो. तिनं भाकरी मोडून माझ्या ताटात टाकली. "बोलायचं असंल तर बोला," ती म्हणाली. "माज्या भावाकडं बघून गप बसलाव असं उद्या मला म्हणू नका." तिनं एवढं सगळं कधीपासून ओळखलं होतं, ते मी विचारलं नाही. एका घरात इतकी वर्षं राहून दोघांनीही एकच गोष्ट झाकून ठेवली होती, आपापल्या जागी.

पोळा झाल्यावर मी कड्याला गेलो. बंडू दारात टेम्पो धूत होता.

"या दाजी! आज वाट चुकली का?"

"न्हाई. तुज्याकडंच आलतो. गार्डमॅडमला सगळं सांगणार हाय. त्याच्या आधी तुला सांगाया आलो."

त्यानं पाइप खाली टाकला. "म्हंजे आता तुमी साव अन् आमी चोर."

"चोर मीच. तू माज्याकडं बघून शिकलास."

"मग तेच सांगा की त्या बाईला! अडकित्ता कुनाचा? डोकं कुनाचं? मी तर नुसती गाडी हाकत हुतो."

"सांगणार हाय. तेच आधी सांगणार हाय."

हे त्याला अपेक्षित नव्हतं. पाइपातून पाणी वाहत होतं, दोघांच्याही पायाखाली चिखल झाला. "कावून पण, दाजी? इतक्या वरसानी कोन इचारतंय तुमाला?"

मी म्हणालो, "दाणं कुठंकुठं टाकल्यात तेवढं सांग. आभाळ भरून यायलंय. जोराचा पाऊस झाला तर सगळं तळ्यात उतरंल. तेच पाणी शेळ्या पित्यात, तेच मोर पित्यात. ह्या बारीला उरणार न्हाईत, बंडू. एकदा संपलेलं परत आलंय. परत परत येत नसतंय."

"ती मानसं बाहेरची हायेत. मला काय ठावं," तो म्हणाला, आणि तोंड वळवून पाइप उचलला. "आक्काला म्हनावं, पोळ्याचं पातळ आवडलं का."

मी आलो तसा एसटीनं माघारी आलो आणि गार्डमॅडमला सगळं सांगितलं, माझ्यापासून सुरुवात करून. तिनं लिहून घेतलं, मी सही केली. मध्येच ती एकदा लिहायची थांबली. "काका, तुमच्यावरही कारवाई होऊ शकते," म्हणाली. मी म्हणालो, होऊ द्या. तिच्या चेहऱ्यावर राग होता आणि तो तिनं लपवला नाही, याचं मला बरं वाटलं.

मग ग्रामसभा. मारुतीच्या पारासमोर. मी उठलो तेव्हा माझ्याच वयाचा तुकाराम ओरडला, "बस बे सुदाम, आधी नळाचं बोल!" लोक हसले. मी मोराचं बोलायला लागलो तेव्हाही थोडे हसत होते. अडकित्त्यापर्यंत आलो तेव्हा कुणी हसेना.

"आन् आज कसं सुचलं?" मागून कुणीतरी म्हणालं. "खाऊन झालं, ढेकर बी देऊन झाला."

गयामावशी बायकांत बसली होती, आता पार वाकलीय. बसल्या जागेवरून ती म्हणाली, "लांडोर म्या पदरात घालून आनलती."

"व्हय, मावशी."

"तू म्हनलास, कुत्र्यानं मारली."

"व्हय. कुत्र्याचा काय बी दोष नव्हता."

तिनं माफ केलं असंही नाही, नाही असंही नाही. पण सभेनं त्या दिवशी ठरवलं की आमच्या गावात छाटलेलं पीस कुणी घ्यायचं नाही, द्यायचं नाही. देवळात नाही, दर्ग्यात नाही, दुकानात नाही. पीस यायचं ते देठासकट. दर्ग्याचे मुजावर म्हणाले, आमचा मोरचेल जुना झालाय, नवा देठासकटच बांधू, दिसेना का वेडावाकडा. शेजारच्या दोन गावांनीही आता तसंच ठरवलंय. एवढ्यानं तस्करी थांबते असं मी म्हणत नाही. पण पोत्यात लपायला जागा कमी झाली, एवढं मला कळतं, कारण ती जागा मीच केली होती.

या आठवड्यात गयामावशीची सून दुकानात जुडी घेऊन आली. मी एकेक देठ पाहिलं. पांढरी, कोरडी. वडिलांसारखं ओठाला टेकवायचं धाडस अजून होत नाही.

पण ग्रामसभेच्या दुसऱ्या दिवसाबद्दल सांगायचं राहिलं. सकाळी उठलो तर कौसल्या घरात नव्हती. पहिल्या एसटीनं ती कड्याला गेली होती. भावाशी काय बोलली ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही. दहाच्या सुमारास मी गार्डमॅडमबरोबर पारापाशी उभा होतो, तेव्हा टेम्पो येऊन थांबला. त्यातून ती उतरली आणि मागून बंडू. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. सरळ गार्डमॅडमपुढं जाऊन उभा राहिला. "त्या मानसांची नावं सांगतो," म्हणाला, "पर आधी डोंगरावर चला. आभाळ बघा."

आभाळ काळंभोर झालं होतं. दाणे पाणवठ्याच्या वाटेवर होते, बोरींच्या बुडाला, खडकांच्या आडोशाला. वेचायचे म्हटले तर दिवस पुरला नसता. मग कुणीतरी घरून खराटा आणला. बघता बघता गाव खराटे घेऊन वर आलं. मॅडमनी जेवढे होते तेवढे हातमोजे वाटले, बाकीच्यांनी हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. तोंडाला फडकी. शेळ्या सगळ्या घरी बांधलेल्या. आणि आमचं गाव डोंगर झाडायला लागलं. अंगण झाडावं तसा, ओळीनं, वरून खाली. दाणे, माती, काटक्या, सगळं सुपात भरून मॅडमच्या पोत्यात.

"माज्या अंगनात कधी खराटा धरला न्हाई ह्या मानसानं," तुकारामाची बायको म्हणाली, "आन् आज बघा, डोंगर झाडतोय!"

"तुज्या अंगनात मोर कुठं येत्यात?" तुकाराम म्हणाला.

हसण्यानं सगळा उतार भरून गेला. मी हातात काही न घेता बाजूला उभा होतो. कुठल्या तोंडानं त्या ओळीत शिरावं, कळत नव्हतं. गयामावशीनं तिचा खराटा माझ्यापुढं केला. "धर. निस्तं हुबं ऱ्हाऊ नगंस. तिकडली बाजू राह्यलीय."

मी ती बाजू झाडली.

दुपार कलता कलता पहिले थेंब पडले, मोठाले, तापल्या खडकावर वाजणारे. मॅडमनी शेवटच्या पोत्याचं तोंड बांधलं. लोक डोक्यावर पोती, सुपं घेऊन खाली पळायला लागले. बंडू तेवढा मागं राहिला. एका कपारीपाशी पालथा पडून आत हात घालत होता.

"बंडू, चल की! पाऊस आला!" कौसल्या खालून ओरडली.

"थांब, आक्का," तो मान वर न करता म्हणाला. "हितं आत अजून दाणं हायेत."

मी माघारी वर गेलो आणि त्याच्याशेजारी गुडघे टेकले.